तिसऱ्या माणसाची फळी

गाडीत बिछाना तयार झाला की देवमनकाका आधी त्यावर स्वतः झोपून पाहत. भर दुपारी, अकोल्यातल्या आपल्या कुशनच्या दुकानासमोर, चपला काढून, डोळे मिटून, चांगली पंधरा मिनिटं. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी बोलत नसत. उठल्यावर म्हणत, "कंबर बोलली. फोम बदला लागते." फोम बदलून, पुन्हा झोपून पाहिल्याशिवाय गाडी मालकाच्या हाती जात नसे.

मी अमरावतीला पर्यटन शिकते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रकल्प कसा करायचा हे विचारायला कोणी नव्हतं. बाबा एका शेठची गाडी चालवतात. ती गाडी भाड्याने घेऊन लोक चिखलदऱ्याला जातात आणि हॉटेलऐवजी गाडीतच मुक्काम करतात. म्हणून मी विषय घेतला : गाडीत झोपण्याच्या सोयींची तुलना. शेठची गाडी तेव्हा काकांकडेच बिछान्याच्या कामाला लागली होती. बाबा म्हणाले, "देवमनभाऊले विचार, त्याच्यावानी सांगनारा कोनी नाही."

काकांनी खरंच सगळं सांगितलं. टपावरचा तंबू? "वर चढाले जवान पाय पायजे, अन् वारा सुटला की रातभर पाळना." सीट पाडून टाकलेली हवेची गादी? "एकानं कूस बदलली की दुसरा उडते. अन् खालून असा गारठा येते, की मानूस सकाळी लाकूड होते. खाली जाड सतरंजी टाकाच लागते." प्लायवूडचा ओटा, वर चार इंच फोम? "हा बरा. पन उठून बसलं त डोक्शाले टप लागला नाही पायजे. लोक गादी जाड करतेत अन् डोक्शे फोडून घेतेत."

मी वहीत तक्ता केला. रुंदी, खर्च, बिछाना घालायला लागणारा वेळ, किती जणांसाठी. शेवटच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी लिहिलं, 'दोन'. तक्ता मला फार आवडला होता. काकांनी चष्मा पुसून तो वाचला.

"गाडीत किती जन जातेत वं पोरी?"

"दोन पाहुणे आणि बाबा. तीन."

"मंग तिसरा कुठी झोपते?"

"सीटवर," मी म्हणाले. "त्यांना सवय आहे."

काका इतके चिडले की हातातली कात्री त्यांनी फळीवर आपटली. "सवय? हे तुहा शेठ बोलते, त्याचं समजू शकतो. तू त्या ड्रायव्हरची पोरगी आहेस ना वं? जाय, बस त्या सीटवर. मी सांगतलं नाही तोवर उतरायचं नाही."

मी बसले. गुडघे स्टिअरिंगला लागत होते. मान टेकली की घसरायची. अर्ध्या तासात पायांना मुंग्या आल्या. बाबा फेरीवरून आले की परातीत गरम पाणी घेऊन पाय सोडून बसायचे. ते मी लहानपणापासून पाहत होते, आणि तरीही माझ्या तक्त्यात त्यांना जागा नव्हती. मला शेठचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

काकांनी त्या गाडीत कोणी न सांगता एक फळी बसवली. ड्रायव्हरशेजारच्या सीटची पाठ मागे पडायची आणि पुढे बिजागरीवरची फळी उघडायची. मागे पाहुण्यांसाठी पडदा. माणूस पाय लांब करून झोपू शकेल एवढी सोय. शेठ आले आणि फळी पाहून भडकले.

"देवमन, हे काय? पाहुण्यांच्या उशाशी ड्रायव्हर घोरणार? काढ ते. तिथं छोटा फ्रीज बसव."

"शेठजी, सकाळी घाट कोन उतरते? फ्रीज?"

"तू कुशनवाला आहेस. कुशन कर."

"मी झोपाचं काम करतो. ज्या गाडीत एक मानूस जागा राहते, ते काम माह्यं नाही. मी फळी काढत नाही."

शेठ गाडी दुसरीकडे घेऊन गेले. तिथे फळी निघाली, फ्रीज बसला. मी संतापून बाबांना म्हणाले, तुम्ही काही बोलत का नाही? ते म्हणाले, "जाऊ दे माय. नोकरी हाय."

त्याच उन्हाळ्यात देवमनकाका गेले. दुकानात झोपलेलेच सापडले, अर्धवट शिवलेल्या गादीवर.

मी तक्ता पुन्हा लिहिला. पहिला रकाना केला : 'गाडी चालवणारा कुठे झोपतो?' तिन्ही ठिकाणी उत्तर एकच : 'सीटवर, बसून.' कॉलेजात सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "हे विषयात बसत नाही." मी वर्गात कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उभी राहून म्हणाले, "सर, तो गाडीत बसतो, म्हणून विषयात बसतो." रेघ तशीच राहिली, रकानाही मी तसाच ठेवला.

सुट्टीत तो तक्ता मी बाबांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी फेरीच्या वेळी शेठनी चावी पुढे केली, तर बाबांनी हात मागेच ठेवला. "फळी बसवा, मंग चावी घेतो." मागच्या फेरीला आलेलेच दोन पाहुणे बॅगा घेऊन उभे होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मागच्या वेळी तुम्ही झोपलाच नव्हता?" शेठचा चेहरा उतरला. ती फेरी दुसऱ्या ड्रायव्हरने केली. आठवड्याने शेठचा निरोप आला : फळी बसवली आहे, या.

मी बाबांबरोबर गेले. फळी नवी होती, बिजागरी चकाकत होती. मी चपला काढल्या, आत चढले आणि डोळे मिटून आडवी झाले. बाहेर शेठ म्हणत होते, "अहो, ही काय करतेय? उशीर होतोय." मी डोळे उघडले नाहीत. पंधरा मिनिटं झाल्यावर उठले.

"शेठजी," मी म्हणाले, "माझेच पाय टोकाला लागतात. बाबा माझ्याहून उंच आहेत. फळी चार बोटं कमी आहे. बदलावी लागेल."