बिनफोडणीचं वरण

आमच्या आखाड्याच्या वस्तादांचं पोट त्यांच्या आधी दारातून आत यायचं. अशा माणसाकडून मी तोंडावर ताबा ठेवायला शिकत होतो, यावरून त्या वयातली माझी अक्कल लक्षात यावी. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपुरात एका कचेरीत कारकून होतो, आणि मोहल्ल्यातल्या शारदोत्सवात शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती, तिच्यात उतरायचं माझ्या डोक्यात बसलं होतं.

वस्तादांचा नियम सोपा होता. जे खाऊन बरं वाटतं ते बंद. आधी तेल, मग साखर, मग भात, शेवटचे आठ दिवस मीठ, आणि स्पर्धेच्या दिवशी पाणीसुद्धा घोटभर. महिन्यातून एखादा लाडू चालेल का, असं मी भीत भीत विचारलं होतं.

"एक लाडू खाल्ला का एक दंड गेला समज," ते म्हणाले, आणि तर्रीपोह्यांची दुसरी प्लेट पुढे ओढली.

घरी आईची पंचाईत झाली. आमच्याकडे बिनफोडणीचं वरण फक्त तापाच्या माणसाला मिळायचं. ती फोडणी घालायच्या आधी माझी वाटी बाजूला काढायची आणि माझ्याकडे असं पाहायची की मलाच कपाळाला हात लावून बघावासा वाटे. लोकांनी विचारलं तर काय सांगू, असं तिनं विचारलं. डाएट हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत पोचला नव्हता. मी म्हटलं, पथ्य आहे म्हणून सांग. तिथेच मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला.

कारण पथ्य म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. कशाचं? पोरगा चार लोकांपुढे चड्डीवर उभा राहणार आहे म्हणून खात नाही, हे सांगायची आईला लाज वाटे. ती गप्प राहायची. आता ज्या रोगाचं नाव आई घेत नाही तो रोग लहान कसा असेल? पंधरा दिवसांत मला आधी कावीळ झाली, मग पोटात अल्सर झाला, आणि त्यानंतर जे झालं ते बायका आवाज खाली आणून बोलू लागल्या. शेजारून मऊ भात आला. मागच्या घरातले पेन्शनर मोसंब्या घेऊन भेटायला आले आणि बराच वेळ माझा हात धरून बसले. कचेरीत मोठ्या बाबूंनी मला खिडकीजवळची खुर्ची दिली आणि स्वतःचा पाण्याचा गिलास कपाटात ठेवायला सुरुवात केली. गालफडं बसली होती, शर्ट लोंबत होता. आत छाती चांगली भरत होती, पण ती दाखवत शर्ट काढून गल्लीतून कोण फिरणार?

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण कामठीच्या एका मुलीशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. तिला पाहायला गेलो तेव्हा पोह्यांतले तळलेले शेंगदाणे मी एकेक करून बशीच्या कडेला लावत होतो. तिनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. मला ती फार आवडली होती. नकार आला असता तर मी मोडून पडलो असतो.

माझ्या पथ्याची बातमी कामठीला पोचायला वेळ लागला नाही. स्पर्धेच्याच दिवशी, रविवारी सकाळी अकराला मुलीचे मामा 'सहज' आले. त्यांनी तब्येत विचारली. एकदम छान आहे, मी म्हटलं. ते माझ्या गालांकडे पाहत राहिले. मला राहवलं नाही. मी शर्ट काढला आणि दोन्ही दंड आवळून त्यांच्यापुढे उभा राहिलो. मामांनी चष्मा लावला, जवळ आले, आणि आईकडे वळून हळहळत म्हणाले, "नसा किती वर आल्या वं बाई पोराच्या. केव्हापासून आहे?"

आईनं भिंतीकडे पाहिलं.

त्या दिवशी घरात वडाभात होता. मामा म्हणाले, आपण संगंच बसू, पोरगा माझ्यासोबत जेवला म्हणजे मी पोरीच्या मायला सांगायला मोकळा. पाट मांडले गेले. आईनं मामांच्या भातावर वडे कुस्करून वरून हिंग-मिरचीचं कडकडीत तेल ओतलं, आणि माझ्यापुढे अळणी, बिनफोडणीचं वरण ठेवलं. वस्तादांचे नियम तिला कधी पटले नव्हते, पण चोरून तेलाचा एक थेंबही तिनं माझ्या वाटीत जाऊ दिला नव्हता. मी वाटी सरकवली आणि वडाभात मागितला.

"संध्याकाळचं?" तिनं एवढंच विचारलं.

वाढ, मी म्हटलं.

पहिला भात मी त्या मुलीसाठी खाल्ला. दुसरा स्वतःसाठी. तिसऱ्यापासून कारण लागलं नाही. लोणचं झालं, दोन लोटे ताक झालं. मामा स्वतःचा घास हातात धरून पाहत होते.

संध्याकाळी मांडवामागे वस्तादांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि हे काय सोबत आणलं म्हणून विचारलं. सात जणांत माझा सातवा नंबर आला. चार दिवसांनी कामठीहून होकार आला.

लग्नाच्या पंगतीत सासूबाई माझ्या ताटापासून हलल्या नाहीत. जिलबीवर जिलबी वाढत होत्या आणि मधूनच माझ्या आईकडे रागानं पाहत होत्या. त्याचा उलगडा मला काही वर्षांनी बायकोनं केला. मामांनी घरी जाऊन सांगितलं होतं, "पोट्टा बिमार नाही, उपाशी आहे. त्याले अळणी वरण वाढतात अन् सवता वडाभात खातात. म्या डोळ्यानं पाह्यलं." तेव्हा मला त्या घरातून लवकर सोडवायचं असं ठरलं होतं.

मी संतापून स्वयंपाकघरात गेलो. आईला हे ठाऊक होतं. विहीणबाईंनी लग्नातच तिला तोंडावर ऐकवलं होतं आणि ती एक अक्षर बोलली नव्हती. काहून, मी विचारलं.

"काय सांगू गा?" ती म्हणाली. "चड्डीवर उभं राह्यासाठी उपाशी मरून राहिला म्हणून सांगतलं असतं, तं पोरगी देली असती काय त्याईनं?"

मग तिनं माझं ताट घेतलं, वरण वाढलं, वरून चांगली पळीभर फोडणी ओतली, आणि मीठ बरोबर आहे का ते विचारलं.