मागं धावणारं तेल

वायसरतात्या कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडं बघत नसत, छताकडं बघत. यजमान "या, बसा" म्हणेपर्यंत यांची नजर कोपऱ्यातल्या पिवळट डागावर गेलेली असे. "न्हाणीघर या भिंतीच्या पलीकडं आहे का हो?" असं विचारत, आणि यजमानाचं तोंड उतरे. चाळीस वर्षं नळकाम केलेला गडी. खऱ्या नावानं त्यांना फक्त पोस्टमन ओळखायचा. बाकी सगळ्या वस्तीला ते वायसरतात्या, कारण खिशात हात घातला की रुमालाआधी वायसर निघायचा.

काम सोडल्यावर त्यांनी एका फिरत्या दंतवैद्याची जुनी मोठी गाडी घेतली आणि दोन वर्षं खपून तिचं घर केलं. पलंग, दोन बर्नरची शेगडी, मोरी, छतावर पाण्याची टाकी. दात उपटायची खुर्ची होती तिथं घडीचं टेबल आलं. बायको म्हणायची, "दार करकरलं की अजून कुणीतरी कण्हतंय असंच वाटतं." घरगाडी झाली खरी, पण जायचं कुठं हे काही ठरेना. आवारात उभी राहून ती तात्यांच्या दुपारच्या झोपेच्या कामी यायची.

मग बायकोच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, खुबा मोडला. चालणं काठीवर आलं, आणि अर्ध्या तासाच्या वर बसणं झेपेना. त्यांचा धाकटा भाऊ दोन दिवसांच्या वाटेवर राहायचा, त्याचे गुडघे आधीच गेलेले. आक्का चौऱ्याऐंशीच्या, भाऊ एक्क्याऐंशीचा. अकरा वर्षं दोघं रोज फोनवर भांडत होते, पण तोंड काही एकमेकांचं बघितलं नव्हतं.

"आक्का, झोपून चला की," तात्या म्हणाले. "पलंग रिकामाच आहे."

शनिवार ठरला. आक्का बुधवारीच पिशवी घेऊन आल्या आणि "सवय करून घेते" म्हणत घरगाडीतल्या पलंगावर आडव्या झाल्या.

गुरुवारी सकाळी तात्यांनी गाडी चालू करून बघितली, बंद केली, आणि खाली वाकले तर जमिनीवर बशीएवढा तेलाचा डाग.

गल्लीच्या तोंडावरच्या गॅरेजातला मिस्त्री आला. बॅटरी घेऊन उताणा गाडीखाली शिरला आणि दहा मिनिटांनी कोपरं झटकत बाहेर आला.

"इंजिन आणि गिअरपेटीच्या सांध्यातून टपकतंय. तेल अडवणारं मागचं सील गेलं, तात्या. इंजिन खाली उतरवावं लागणार."

"किती दिवस?"

"महिना धरा. अशी लांब नेलीत तर वाटेत तेल संपेल आणि इंजिन जाम होऊन बसेल. मग मला बोलवू नका, क्रेनवाल्याला बोलवा."

मिस्त्री गेला. बायको घरगाडीत चढली आणि भांडी परत खोक्यात भरायला लागली. तिनं आक्कांची पिशवी उचलली तशी आक्का पलंगावरूनच म्हणाल्या, "तिला हात लावू नकोस."

"अगं आक्का, इंजिन काढायचं म्हणतोय तो."

"ऐकलं मी. खुबा मोडलाय माझा, कान शाबूत आहेत. आता त्याला काय सांगू? पुढच्या महिन्यात येते म्हणून? आमच्या वयाला पुढचा महिना धरून चालत नाहीत."

तात्या दारात उभे होते. आक्कांनी औषधाची गोळी तळहातावर काढली, ती निसटली, फरशीवर पडली आणि गडगडत थेट मागच्या भिंतीला जाऊन टेकली.

"घ्या. काल लिंबू गेलं, सकाळी दोऱ्याचं रीळ गेलं, आता ही. या घरात सगळं मागंच का धावतं?"

"उतार दिलाय, आक्का," तात्या सवयीनं छाती काढून म्हणाले. "मोरीचं पाणी मागनं निघतं ना, म्हणून पुढच्या चाकांखाली ठोकळे घातलेत. चांगला चार बोटं उतार. मोरीत थेंब तुंबत नाही."

आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"मी शहाणा. तेलालासुद्धा उतार दिलाय मी."

चाळीस वर्षांत ओल दिसली त्या जागी तात्यांनी कधी छिन्नी लावली नव्हती. पाणी सळईवरून चार हात सरपटतं आणि भलत्याच खोलीत टपकतं, हे त्यांना झोपेतही ठाऊक. आणि स्वतःच्या दारात मात्र मिस्त्रीनं डाग बघून सांगितलं ते मुकाट ऐकून घेतलं.

त्यांनी गाडी ठोकळ्यांवरून खाली घेतली, फरशीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आला तेव्हाच हात काढला. पुढच्या दोन सीटांच्या मध्ये इंजिनाचं झाकण होतं, ते उघडलं. रॉकेल, ब्रश, चिंध्या. तासभर घासून इंजिन कोरडंठक्क केलं.

"आक्का, तुमची पावडर द्या."

"कुणाला?"

"इंजिनाला."

"मला लावायला आणलीय ती."

"उरलेली लावा."

आक्कांनी डबा दिला, पण नजर त्याच्यावरच ठेवली. तात्यांनी वरपासून खालपर्यंत, मागच्या सांध्यापर्यंत, इंजिनावर पावडर उडवली. न्हाऊमाखू घातलेल्या बाळागत ते पांढरं झालं. बायको चालकाच्या जागी बसली. तात्या बॅटरी धरून गुडघ्यावर.

"चालू कर. थोडा पाय दे. एवढा नको, शर्यतीला नाही निघालो."

दहा मिनिटं काही दिसेना. "मिस्त्रीचंच खरं असेल," बायको म्हणाली. तात्यांनी बॅटरी आणखी जवळ धरली. इंजिन तापलं, तेल पातळ झालं, आणि पांढऱ्यावर एक तपकिरी रेघ उतरली. केसाएवढी. इंजिनाच्या कुशीत, वरच्या अंगाला एक अंगठ्याएवढं बटण असतं. तेलाचा दाब कमी झाला की समोरचा लाल दिवा तेच पेटवतं. रेघ त्याच्या बुडातून निघाली होती. गाडी सपाट होती म्हणून सरळ खाली आली. नाक वर असताना तीच रेघ खालच्या कंगोऱ्यावरून सरपटत सांध्यापर्यंत जायची. सांध्यावरची पावडर आता जशीच्या तशी, कोरडी.

"बंद कर," तात्या म्हणाले.

इंजिन गार होईपर्यंत त्यांनी गाडीला अकरा फेऱ्या मारल्या. मग पाना लावून बटण काढलं. त्याच्या गळ्यात होता एक तांब्याचा वायसर, दाबून दाबून दगड झालेला.

बायकोनं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "शेवटी वायसरच. तुमचाच भाऊबंद."

डब्यात तीनशे वायसर होते, तांब्याचा या मापाचा एकही नाही. तात्या अडले नाहीत. चिमट्यात धरून तो घरगाडीच्याच शेगडीवर लालबुंद केला आणि पाण्याच्या वाटीत सोडला. तापवलेलं तांबं मऊ पडतं, पुन्हा दबून घट्ट बसतं. बारीक पॉलिश पेपरवर घासून त्यांनी तो परत घातला आणि पाना आवळला, पोरीची वेणी घालावी तसा. ओढून, पण डोकं दुखणार नाही इतपत. तेल मोजायची दांडी बघून तूट भरून काढली आणि गाडीखाली कोरा पुठ्ठा सारला.

अर्धा तास इंजिन चालवलं. पुठ्ठा कोरा. टेकडीपर्यंत जाऊन आले. कोरा. ठोकळ्यांवर मुद्दाम नाक वर करून उभी केली. तरी कोरा.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं. तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ नुसते त्याचे पायच दिसत राहिले.

"तात्या," खालून आवाज आला, "सील कुणी बदललं?"

"कुणी नाही. ते पावडर लावून बसलंय."

"मग केलं काय?"

"वायसर भाजला."

मिस्त्री बाहेर आला. बोटाला लागलेली पावडर त्यानं नाकाशी नेली. "वास चांगला आहे."

"आक्कांची आहे."

"मी आधी पुसून बघायला पाहिजे होतं," तो म्हणाला, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. पुढच्या आठवड्यापासून त्याच्या गॅरेजात पान्यांच्या शेजारी पावडरचा डबा दिसायला लागला, आणि कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "वायसरतात्यांची शाळा."

शनिवारी उजाडताच घरगाडी निघाली. दर थांब्यावर तात्या आधी पुठ्ठा सारायचे, मग चहा घ्यायचे. आक्का पलंगावरून ओरडायच्या, "काय म्हणतंय?" आणि तात्या सांगायचे, "काही म्हणत नाही." दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी भाऊ फाटकात दिसला, दोन काठ्यांवर. तात्यांनी आणि बायकोनं आक्कांना धरून उतरवलं.

"अकरा वर्षं लावलीस," भाऊ म्हणाला.

"तू तरी कुठं आलास?"

आवारात दोन खुर्च्या टाकल्या, आणि फोनवर तुटलेलं भांडण तिथूनच पुढं सुरू झालं. आक्का अर्ध्या तासाच्या वर बसल्या, तासभर बसल्या, कुणी वेळ बघितली नाही.

"तात्या काय करतोय गाडीखाली?" भावानं विचारलं.

"पुठ्ठा सारतोय. त्याला नाद आहे."

सकाळी तात्यांनी गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढला, घरात नेला आणि दोघा भावंडांच्या मध्ये टेबलावर ठेवला. भावानं चष्मा चढवून इकडून बघितला, उलटा करून तिकडून बघितला.

"यावर तर काहीच नाही."

"हो ना," तात्या म्हणाले, आणि मान वर करून त्याचं छत बघायला लागले.