ढिगातली खडी

"वैनी, वासरघळ मोकळी झाली रातीच. म्या सोता धडाड आइकलं. आता रस्त्याचा दांडा उचला की."

"कवा आइकलं, भावजी?"

"पहाटं. तुमी गोठ्यात आसाल."

"गोठ्यात ढोरं तर पैली आइकत्यात. माजी एकबी गाय कान टवकारून उठली न्हाई."

 सेराफिन हा वालबुर्गाचा धाकटा दीर, हॉटेलवाला. वादळ थांबलं होतं, पण खोऱ्याचा रस्ता बर्फानं भरलेल्या वासरघळीखालून जातो, म्हणून आडवा दांडा टाकून तो बंद होता. त्याचे नवे पाहुणे खाली खोळंबले होते. बर्फाची दरड येईल का, दांडा उचलावा का, हे गावची समिती ठरवते. नवरा गेल्यापासून त्याच्या जागी वालबुर्गा बसते. आणि दांडा उचलला की पहिली जाते ती बस. बस चालवते तिची लेक, रेगीना.

"चला, दाखवा," ती म्हणाली.

वर धुकं. घळ दिसेना. पण घळीच्या तळाशी असलेल्या छोट्या देवळाच्या भिंतीला पांढरा ढीग टेकला होता. ढीग भिंतीला लागला की घळ रिकामी झाली, असंच गाव आजवर धरत आलंय.

"बगा," सेराफिन म्हणाला. "मी खोटं बोलतुया व्हय?"

वालबुर्गा ढिगाभोवती फिरली. दरड उतरताना झुडपं मोडून आणते, माती खरवडून आणते. इथं एक काटकी नव्हती. तिनं फावड्यानं ढिगाचं पोट फोडलं. आत काळी खडी निघाली. गाड्या घसरू नयेत म्हणून रस्त्यावर टाकतात, ती.

"भावजी, वासरघळीत खडी कवापासनं पिकाय लागली?"

"बर्फ लोटणाऱ्या गाडीनं आली आसंल थोडी."

"आन् ती गाडी हुबी कुणाच्या दारात ऱ्हाती?"

"तुमच्या डोक्यात लई संशय, वैनी."

"व्हय. तुमच्या भावाच्या डोक्यात कमी हुता. म्हून तर ह्याच घळीतनं उकरून काडावा लागला."

सेराफिननं टोपी खाली ओढली. "आन् सांजंपतोर न्हाईच आली दरड, तर?"

"तर बरंच हाय की. तुमचं पावनं उपाशी न्हाई मरायचं."

तिनं तिथूनच लेकीला फोन केला. "बस आत घाल. काकानं सांगितलं तरी न्हाई काडायची."

धुकं दिवसभर हललं नाही. संध्याकाळी वालबुर्गा बादली घेऊन गोठ्यात बसली. धार काढता काढता तिची नजर गाईंच्या कानांवर होती.