पाच पिना

हवाई दलातून निवृत्त होऊन धाऊ आपल्या गावी, डोळखांबला परतला, त्याला सोळा वर्षं झाली. तो वैमानिक नव्हता, लढाऊ विमानांची देखभाल करायचा. वैमानिक आत बसला की शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळायचे आणि आसनाच्या पाच पिना काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरायच्या, हे उड्डाणाआधीचं त्याचं शेवटचं काम. पिना निघाल्या तरच संकटात ते आसन माणसाला बाहेर फेकू शके. वैमानिक पाच मोजून मान हलवी, मगच धाऊ खाली उतरे.

असेच मान हलवून गेलेले बरार साहेब सरावाच्या उड्डाणावरून परतले नाहीत. चौकशीत धाऊची काही चूक निघाली नाही. ती हललेली मान मात्र त्याच्या मनातून जाईना.

म्हणून नात कुणाली लढाऊ वैमानिक व्हायचा अर्ज भरायला बसली, तेव्हा तो ओटीवर चारचौघांदेखत म्हणाला, "कशाला गो? पुढच्या लढाईत विमानात माणूसच नसंल. खाली बसून पडद्यावर बघतील."

या बाबतीत आज्याचा शब्द घरात शेवटचा. कुणालीने अर्ज भरला नाही. मानवरहित विमानं बनवणाऱ्या कंपनीत ती नोकरीला लागली.

दीड वर्षाने, एका रविवारी, ती घरी आली होती. सगळे ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते.

"आजा, परवा चाचणी होती," ती म्हणाली. "माळावर जुना ट्रक उभा केलेला. मी बटण दाबलं, ट्रक उडाला. मग आमी वडे खाल्ले."

"मग?"

"मग काय नाय. हातपण थरथरला नाय. तुझ्या साहेबांचे थरथरायचे?"

"साहेबांचं म्हाईत नाय," आजी गिरजा म्हणाली, "याचे थरथरतात. बशीतला चहा निम्मा धोतरावर."

कुणाली हसली. धाऊ हसला नाही.

"पट्टा आवळताना साहेबांची छाती धडधडलेली माझ्या बोटांना लागायची," तो म्हणाला. "सगळ्यांची. म्हाताऱ्या साहेबांचीपण."

"माझी नाय धडधडली. त्याचंच मला भ्या वाटलं." तिने शेंग सोलली. "पण तू बोललास ते खरंच आहे. पुढं हेच येणार."

"येत असंल. मी त्यासाठी नाय बोललो." धाऊची मान खाली होती. "मला वाटलं, उद्या कोणीतरी तुझ्यासमोर पिना धरील, तू मान हलवशील आणि जाशील. ते मला नको होतं. नाव मी मशीनचं घेतलं."

तो उठून आत गेला आणि ट्रंकेतून वर्तमानपत्राची घडी घेऊन आला. हवाई दलाच्या वैमानिक भरतीची जाहिरात होती. कुणाली या खेपेपुरतीच वयाच्या अटीत बसत होती.

तिने तारीख पाहिली. "उद्या शेवटचा दिवस. कधीपासून आहे ही तुझ्याकडं?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे लपवलीस?"

"हो."

ती उठली. मोबाईल आणि जाहिरातीची घडी घेऊन समोरच्या टेकाडाकडे चालू लागली, रेंज तिथेच यायची.

"जा ना मागं," गिरजा म्हणाली.

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

वाल सोलून संपले, तरी तो रिकाम्या साली चाळवत राहिला. दीड तासाने कुणाली टेकाडाच्या कडेला आली. खाली उतरली नाही, हाकही मारली नाही. तिने मोबाईल उंच धरून त्याला दाखवला.

इतक्या लांबून त्याला काहीच वाचता येत नव्हतं. धाऊने मान हलवली.