इतिवृत्तातला डावा इंडिकेटर

माझ्या हातची वायर सडकी असते, असं आमच्या खरेदी-विक्री संघाच्या इतिवृत्तात लिहिलेलं होतं. शाईनं, सहीशिक्क्यासकट.

दुष्काळाची सालं होती. धाराशिवला एसटी स्टँडच्या अलीकडं माझं पत्र्याचं दुकान होतं. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, चाकावर चालणाऱ्या कशाचंही वायरिंग मी करायचो. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. सोलापूरच्या एका गॅरेजात पाने पुसता पुसता डोळ्यांनी चोरलं. त्यामुळं कामाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. अजून फिरतं.

संघाच्या जीपचं वायरिंग मीच नव्यानं केलं होतं. सहा महिन्यांनी बेंबळीच्या फाट्यावर ती जीप डावीकडं वळताना मागच्या एसटीनं तिला ढुशी दिली. कुणाला लागलं नाही, मागचा कोपरा चेपला एवढंच. एसटीचा ड्रायव्हर म्हणाला, इंडिकेटर लुकलुकलाच नाही. झालं. पुढच्या बैठकीत चेअरमन म्हणाले, "मिस्त्रीनं सडकी वायर घातली," आणि सचिवांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. संघात बोललेलं आणि संघात लिहिलेलं यात फार फरक असतो. लिहिलं की ते गावोगाव जातं. ट्रॅक्टरवाले दुकानासमोर थांबून विचारायचे, "मिस्त्री, वायर नवी हाय न्हवं? का संघातली?" आणि हसत पुढच्या दुकानात जायचे. दोन महिन्यांत माझ्या दुकानात माश्या तेवढ्या उरल्या.

एक दिवस जीपचा ड्रायव्हर चोरासारखा आला.

"मिस्त्री, सोलापूरच्या मिस्त्रीनं दोनदा फ्लॅशर बदलला, तीनदा बल्ब बदलले. डावा काय लागंना. तुमी बघता का?"

"चेअरमननी धाडलं?"

"त्यांनी न्हाय धाडलं. आन् जाऊ नको असं बी न्हाय म्हणले."

जीप दारात उभी होती. मी जागचा न उठता तिच्याकडं पाहिलं. बंपरच्या डाव्या टोकावरून मुंग्यांची एक रांग चढून पुढच्या डाव्या इंडिकेटरच्या काचेत शिरत होती. लोखंडाच्या गाडीत मुंग्यांना काय मिळणार? माझं निम्मं निदान तिथंच झालं. पण ते मी तोंडावर दिसू दिलं नाही.

"बघतो," म्हणालो. "पण इथं न्हाय. संघाच्या आवारात, सर्वसाधारण सभेच्या दिवशी, सभासदांसमोर. मजुरी नको. वायर माझी सडकी निघाली तर दुकानाची पाटी उतरवतो. न्हाय निघाली तर जिथं लिहिलंय तिथंच चेअरमननी उलटं लिहून द्यायचं."

ड्रायव्हरनं निरोप पोचवला. मी हरणारच, अशी चेअरमनची खात्री असावी. ते लगेच कबूल झाले.

सभेच्या दिवशी दीड-दोनशे माणूस आवारात. नाश्त्याआधी करमणूक म्हणून सगळे जीपभोवती गोळा झाले. चेअरमन पांढऱ्या कपड्यांत, हात मागं बांधून उभे.

"हं मिस्त्री, दाखवा तुमची करामत."

मला घाई नव्हती. आधी उजवा इंडिकेटर लावला. पुढचा-मागचा असे दोन्ही दिवे छान उघडझाप करू लागले. मग डावा लावला. मागचा नुसता पेटून राहिला, पुढचा आंधळा. मी सभासदांना समजावलं, "दोन्ही बल्बांनी करंट ओढला तरच फ्लॅशर तापतो आन् उघडझाप हुती. फ्लॅशर कितीबी बदला, पुढचा दिवा मेलाय तवर मागचा असाच टक लावून बघणार."

मग चाचणीचा बल्ब काढला. त्याचं एक टोक इंडिकेटरकडं येणाऱ्या माझ्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब टकटक पेटला.

"करंट इथपर्यंत येतोय. कुणाच्या वायरीतनं येतोय?"

मी पुन्हा विचारलं. जळकोटचे एक म्हातारे सभासद कंटाळून म्हणाले, "तुझ्याच बाबा, तुझ्याच. म्होरं चल, ऊन लागतंय."

मग दिव्याच्या होल्डरपासून निगेटिव्हपर्यंत एक सुटी तार धरली. डावीकडचे दोन्ही दिवे लुकलुकायला लागले. म्हणजे येणारा करंट ठीक, परतीची वाट बंद. अर्थिंग गेलेलं. वाट कशानं बंद झाली, ते दाखवायला मी काच उघडली.

आत हिरवा गंज, कुंकवाचा चिखल, नारळाच्या शेंड्या, खोबऱ्याचा एक कपचा आणि त्याच्यावर मुंग्यांची पंगत.

त्या साली रोज कुठं ना कुठं टँकर सुरू व्हायचा, चाराडेपो उघडायचा, आणि नारळ चेअरमननीच फोडायचा असे. गावात पोचल्यावर दगड शोधत कोण बसतो? चेअरमन ड्रायव्हरच्या डावीकडं बसायचे. उतरलं की हाताशी येई तो जीपचा डावा बंपर. तिथंच ठण्णदिशी नारळ, आणि उरलेलं पाणी भक्तिभावानं गाडीवर. काचेखालचा रबर कधीच गळून पडला होता.

जळकोटचे म्हातारे वाकून आत बघत म्हणाले, "आमच्या गावात टँकर पोचंना, आन् हितं बघा, पाणी बरुबर पोचलंय!"

आवार हसण्यानं फुटलं. चेअरमनचा चेहरा कुंकवासारखा झाला. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण दोन महिन्यांच्या माश्या आठवल्या आणि मी ओरडलो, "सांगा आता! सडकी वायर का सडका नारळ?"

"नारळाला सडका म्हणू नका मिस्त्री," चेअरमन दातओठ खात म्हणाले. "देवाचा हाय."

"मग देवाचं नाव लिवा इतिवृत्तात, माझं काढा!"

सचिवांनी मला बाजूला ओढलं आणि टेबलावर टेकून दोन ओळी लिहिल्या: "सदर दोष वायरिंगचा नसून नैसर्गिक आपत्तीमुळे उद्भवल्याचे निष्पन्न झाले."

माझा पारा पुन्हा चढला. "नैसर्गिक? नारळ काय आभाळातनं पडले? फोडणाऱ्याचं लिवा!"

"मिस्त्री," सचिव हळूच म्हणाले, "वाक्याचा पहिला अर्धा तुमचा, दुसरा त्यांचा. सही पायजे का भांडण?"

आयुष्यभर मी घासाघीस केली, इतका सरळ सौदा मला कुणी दिला नव्हता. मी चेअरमनची सही घेतली. त्याची नक्कल दुकानात काचेत लावली. चार-आठ दिवसांत ट्रॅक्टर पुन्हा दारात लागले.

चेअरमननी संघाची जीप मात्र त्यानंतर माझ्याकडं कधी धाडली नाही. माफीचा शब्द तर नाहीच. त्याचा राग माझ्या मनात अजून ताजा आहे. म्हणून गिऱ्हाईक ती नक्कल वाचून 'आपत्ती' या शब्दाशी अडखळलं की मी हातातला पाना खाली ठेवतो, त्याला स्टुलावर बसवतो आणि दुसरा अर्धा भाग तोंडी सांगतो.