देवळातली शहाबादी फरशी

निजामाच्या राज्यात आमचे हे पिंगळीजवळच्या एका खेड्यात उपदेशक म्हणून आले, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती देवळात रविवारी दोन-तीन म्हाताऱ्याच यायच्या. मी घरोघर जाऊन बायकांवर ओरडले. आधीच्या पाळकांनी अख्ख्या देवळाला शहाबादी फरशी घालून दिली, आणि तुम्हाला त्याचं काहीच नाही!

एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "बाई, आदी मातीची भुई व्हती. शनवारी समद्याजणी मिळून सारवायचो, लय बोलायचो. जिनं जेवढं सारवलं, तिथं तिच्या घरचे रविवारी बसायचे. ह्या फरशीवर आमची जागा कोणती हाय?"

मी तणतणत घरी आले. ह्यांनी सगळं ऐकलं आणि पहार उचलली.

फरशी निघाली, ती देवळामागं धुणं धुवायला कामी आली. शनिवारी बायका शेणाच्या पाट्या घेऊन आल्या. वस्तीपलीकडे राहणारी धनगरीणही आली. ख्रिस्ती झालो तरी गाव आम्हाला अस्पृश्यच मानायचं; शिवाशिवीच्या त्या दिवसांत तिनं आमच्या वस्तीत पाऊल टाकणं सोपं नव्हतं. "देव तुमचा असंल, शेण माझ्या म्हशीचं हाय," म्हणाली आणि खिडकीखालचा तुकडा सारवून गेली.

रविवारी देऊळ भरलं. धनगरीण काही उपासनेला येणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी उशिरा आलेली माणसं बाहेर उन्हात उभी राहिली, पण खिडकीखाली कुणी बसलं नाही.

त्या दिवशी मी देवाचे पहिले आभार मानले, ते त्या रिकाम्या जागेसाठी.