भिंतीवरचा ‘आधी’चा फोटो

एका सकाळी न्हाऊन झालं आणि मानेच्या मागे हात गेला, तर बोटाला काहीतरी गुंडाळलं गेलं. बोट सोडवलं, तशी ती बट टुणकन परत आपल्या जागी जाऊन बसली. मी पुन्हा ओढली. पुन्हा गेली. बाहेरून नवऱ्याने दार वाजवलं, आत झोपलीस का म्हणून, तरी माझं तेच चाललेलं. वय सत्तेचाळीस, आणि छातीत अशी धडधड की जणू काही चोरून आणलंय.

तशी चोरीच होती ती. मंचरला माझं पार्लर आहे, वीस वर्षं झाली. कुरळे केस सरळ करून देणं, स्मूदनिंग म्हणतात ते, हे माझं नावाजलेलं काम. पार पेठ गावापासून बायका येतात त्यासाठी. आणि माझ्या स्वतःच्या डोक्याला मी दहा महिने ते क्रीम लावलं नव्हतं. वर चार बोटं कुरळे, खाली पाठीपर्यंत सपाट. असे दोन तऱ्हेचे केस मी अंबाड्यात कोंबून गिऱ्हाइकांसमोर उभी राहत होते.

माझे केस मुळात कुरळे आहेत हे नवरा सोडला तर मंचरमध्ये कुणालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते माहेरी, डिंभ्याच्या पुढे डोंगरात. तिथे आई खोबरेल थापून इतक्या करकचून वेण्या घालायची की माझ्या भुवया वर चढायच्या. बघायला पाहुणे आले की दाराआडून खुणावायची, मान हलवू नको, सुटतील. दोन ठिकाणांहून पुढे निरोपच आला नाही. दोन्ही वेळा आईने दोष केसांना दिला आणि मी तो खरा मानला. लग्नानंतर पार्लरचा कोर्स केला, त्यात सरळ केलेलं पहिलं डोकं माझंच.

इथवर सांगायला मला जड जात नाही. पुढचं जातं.

मुलीने माझेच केस घेतले. ती तेरा वर्षांची असताना मी तिला खुर्चीत बसवलं. तिने काही मागितलं नव्हतं. मला नवीन क्रीम कसं बसतं ते बघायचं होतं आणि भिंतीवर लावायला फोटो हवे होते. चार तास ती नाकाला रुमाल लावून बसली, त्या क्रीमला कुजक्या अंड्यासारखा वास असतो. दोन फोटो मोठे करून आणले. एकाखाली लिहिलं ‘आधी’, दुसऱ्याखाली ‘नंतर’. ‘आधी’मध्ये तिच्या डोक्यावर असा पिंजारलेला ढीग होता, कारण फोटोआधी मीच ते केस कोरडे विंचरले होते. वाईट दिसावेत म्हणून.

काही दिवसांनी जुन्नरच्या एक भाभी आल्या. त्यांच्याकडे कापडाचं दुकान आहे, मंचरला नात्यातलं लग्न असलं की त्या माझ्याकडेच येतात. खुर्चीत बसल्या, फोटोकडे बघत राहिल्या आणि विचारलं, ही पोर कुणाची. आत वॅक्सिंगसाठी मी पडदा लावलेला आहे, तो जमिनीपासून वीतभर वर संपतो. त्या पडद्याखाली मला माझ्या मुलीच्या चपला दिसत होत्या. निळ्या पट्ट्यांच्या. ती शाळेतून येऊन आत उभी होती. आणि मी म्हणाले, आहे एक डोंगराकडची, लई झिपरी होती, मी माणसांत आणली.

चपला दिसत असताना म्हणाले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिने त्या दिवशी काही विचारलं नाही, नंतरही नाही. दर सहा महिन्यांनी मुकाट खुर्चीत बसायची. मग कॉलेजला पुण्यात गेली, होस्टेलवर राहिली, आणि पहिल्या सुट्टीला आली ती डोक्याला स्कार्फ बांधून. मी तेलाची वाटी घेतली तर म्हणाली, आई, माझ्या केसांना आता तू हात लावायचा नाही. आवाज चढवला नव्हता. दोन वर्षं मी हात लावला नाही. भिंतीवरचे फोटो काढून खणात टाकले, खिळे तसेच राहिले.

ती सुट्टीला आली की मी लांबून बघायची. सकाळी पातेल्यात जवस उकळायची. पहिल्यांदा मी म्हणाले, अगं चटणीला भाजायचे असतात, उकडायचे नसतात. ती हसली, खूप दिवसांनी. तो चिकट रस ती जुन्या ओढणीतून गाळायची, ओल्या केसांना मुठीने दाबून लावायची आणि डोकं बापाच्या सुती टी-शर्टमध्ये बांधायची. वीस वर्षं केसांचं काम करणारी मी, आणि मला हे काही माहीत नव्हतं. कुरळे केस ओलेच विंचरायचे, तेही मोठ्या दातांच्या कंगव्याने किंवा नुसत्या बोटांनी. मला केस फक्त ताणता येत होते. तिच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी माझं क्रीम बंद केलं. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

या उन्हाळ्यात ती घरी आली, तेव्हा एका सोमवारी, पार्लर बंद असतं त्या दिवशी, मी तिला म्हणाले, जरा दुकानात चल. शटर अर्धं वर केलं, आरशासमोर बसले आणि अंबाडा सोडला. फवाऱ्याच्या बाटलीने केसांवर पाणी मारलं. वरचे चार बोटं केस आपोआप गोळा होऊन वर चढले आणि खालचे सपाट केस त्यांना दोऱ्यांसारखे लोंबत राहिले. पाणी मारलं की दोन्हींचा जोड असा स्पष्ट दिसतो.

ती पुढे आली, एक बट बोटावर घेतली, सोडली. पुन्हा घेतली. मी बाथरूममध्ये करत होते अगदी तेच.

“आई, हे तर माझेच केस आहेत.”

तेव्हा नसतं सांगितलं तर मग कधीच सांगितलं नसतं. आरशात तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही, फवाऱ्याच्या बाटलीकडे बघत म्हणाले, “त्या भाभी आल्या होत्या ना, तेव्हा पडद्याखाली मला तुझ्या चपला दिसत होत्या. तरी बोलले मी.”

बाहेरून एक पिकअप गेली, शटर थरथरलं.

“मला माहितेय,” ती म्हणाली. “तुला दिसाव्यात म्हणूनच मी पाय मागे घेतले नव्हते.”

मला वाटलं, आता ही उठून जाणार. तिने ट्रॉलीतली कात्री घेतली. “बस नीट. आधी तुझे कापते. माझ्या केसांचं नंतर बघू.”

तिने कात्री लावली आणि मी तोंड बंद ठेवूच शकले नाही. ओढू नको, जोडाच्या वर नको, मागचे आधी घे. तिने माझं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं आणि म्हणाली, गप बस, आज गिऱ्हाईक आहेस तू. सपाट केसांचे वीत-वीतभर तुकडे खाली पडायला लागले. प्रत्येक तुकडा सुटला की वरची वळी आणखी घट्ट वर उडी मारायची. डोकं हलकं होत गेलं तसतसं मला हसू फुटायला लागलं, खांदे हलले, ती ओरडली, हलू नको, कान जाईल. आईही हेच म्हणायची, हलू नको. तेव्हा भीती वाटायची. आता पोटातून गुदगुल्या होत होत्या.

अर्धं डोकं झालं आणि शटरखालून वाकून कुणीतरी आत आलं. त्याच जुन्नरच्या भाभी. नात्यात कुणाकडे तरी साखरपुडा होता, शटर अर्धं उघडं दिसलं म्हणून आल्या. मी एका बाजूने कुरळी, एका बाजूने सपाट, अशी खुर्चीत.

“या बया,” त्या म्हणाल्या, “ताई, हे काय करून घेतलं?” मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिचा स्कार्फ खांद्यावर घसरला होता. “आन् ही त्या फोटोतली ना?”

मुलीची कात्री थांबली. यावेळी पडदा नव्हता.

“हो,” मी म्हणाले. “माझी लेक आहे. तेव्हा तुमच्याशी खोटं बोलले मी. झिपरी नव्हती ती. मीच तिचे केस पिंजारून फोटो काढला होता.”

भाभी बाकावर टेकल्या, बुरख्याची बाही सारखी केली. “मला तवाच कळलं व्हतं. केस सरळ केले म्हणून नाक बदलतंय व्हय? नाक हुबेहूब तुमचं. मी म्हनलं, आईच न्हाई म्हनती तर आपन कशाला बोलायचं.”

मी मान खाली घातली. मुलगी मात्र हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, कात्री ट्रॉलीवर ठेवून. भाभी हसल्या. मग मीही हसले, अर्ध्या डोक्याने.

राहिलेली बाजू झाली. केस आता हनुवटीपर्यंतही येत नव्हते, चारी बाजूंनी उभे. मी आरशात डोकं इकडून तिकडे फिरवत होते, सारखी. भाभी म्हणाल्या, दहा वर्सांनी ल्हान दिसताय राव. त्यांच्या पुतणीचेही असेच आहेत, तिला घेऊन येऊ का, सरळ करायला? मी म्हणाले, घेऊन या. पण काय करायचं ते तिला विचारीन, तुम्हाला नाही.

तेवढ्यात मुलीने माझ्या गळ्यातला एप्रन सोडला. झटकला. स्वतःच्या गळ्यात घातला आणि माझ्या जागी खुर्चीत बसली. तिचेही खाली अजून दोन वर्षांपूर्वीचे सपाट शेंडे होते. होस्टेलमध्ये कुणाला कापू दिले नव्हते तिने.

सवयीने माझा हात कंगव्याकडे गेला. तो मी मागे घेतला. फवाऱ्याची बाटली उचलली आणि विचारलं, कुठवर?

“जोडापर्यंत,” ती म्हणाली. “तुला दिसतोय ना?”

मी पाणी मारलं. दिसत होता.